बिडी आणि मशेरी सुटली ती थंडी

अंगठा कापून अकरा दिवस झाले होते आणि मालक मोरीत स्टुलावर बसून बिडी ओढत होते.

सकाळची वेळ. पायाला पांढरं बँडेज, ते भिजू नये म्हणून वरून दुधाची रिकामी पिशवी बांधलेली, आणि तोंडातून धूर. मी दार ढकललं तरी त्यांनी बिडी लपवली नाही. डॉक्टरीणबाईंनी दोनच दिवसांपूर्वी माझ्यादेखत त्यांना सांगितलं होतं, "आजोबा, पायाच्या नसा धुरानं बंद होत आल्यात. आज अंगठा गेला. धूर चालूच राहिला तर पुढच्या खेपेला इथून कापावं लागेल." आणि बाईंनी हाताची कड गुडघ्यावर ठेवून दाखवली होती, कुठून ते.

मला ओरडायचं होतं. ओरडता येईना, कारण माझ्या तोंडात मशेरी होती. मशेरी लावलेली बाई ओठ मिटून, हनुवटी वर करून नुसतं हुं हुं करते. मी तेच केलं. काळं झालेलं बोट त्यांच्यावर रोखून हुं हुं करत उभी राहिले. मालकांनी माझ्याकडं बघितलं, शांतपणे एक झुरका घेतला आणि म्हणाले,

"आधी थुकून ये. मग बोल."

पन्नास वर्षांच्या संसारात मला गप्प करणं कुणाला जमलं नव्हतं. त्या दिवशी जमलं.

यंदा पुन्हा तशीच थंडी पडलीय. आमच्या तळवड्यात पहाटे धुकं नदीकडून वर येतं आणि कंपन्यांच्या पत्र्यांवर बसून राहतं. चाकणच्या बाजाराकडं कांद्याच्या गाड्या चाललेल्या दिसतात. फर्स्ट शिफ्टची माणसं कानाला मफलर गुंडाळून कोपऱ्यावर बसची वाट बघत उभी असतात आणि सगळ्यांच्याच तोंडातून वाफ निघते. लांबून कळत नाही, कोण श्वास सोडतोय आणि कोण धूर. मला कळतं. धूर सोडणारा मान जरा वर करतो. मी ओट्यावरून मोजत नाही, पण बघते. माझी खोड आहे ती.

आमचे मालक चिंचवडला फाउंड्रीत कामाला होते. लोखंड वितळवून साच्यात ओतायचं काम. हाताखालचा पोरगा म्हणून लागले तेव्हा बिडी ओढत नव्हते. पण तिथला रिवाज असा, की बिडी ओढणाऱ्याला मधेच पाच मिनिटं बाहेर सोडायचे. "बिडी पिऊन येतो" म्हटलं की मुकादम मान हलवायचा. "जरा बसतो" म्हटलं की म्हणायचा, "का रं, बायको आणलीय का संगट?" भट्टीसमोरून बाहेर पडायचा तेवढा एकच दरवाजा होता, आणि तो बिडीनं उघडायचा. मालकांनी दुसऱ्या आठवड्यात बिडी धरली. कामावरून निवृत्त झाले, भट्टी सुटली, पाच मिनिटांची सुट्टी देणारा मुकादमही वर गेला. बिडी तेवढी राहिली.

मी त्यांना बोलायची, "तोंड आहे का धुराडं?" माझं स्वतःचं तोंड मात्र मला दिसत नव्हतं.

मशेरी मला सासूबाईंनी लावली. मी नवीन आले तेव्हा दाढ दुखत होती. त्यांनी आपल्या डबीत माझं बोट बुडवलं. दाढ थांबली, डोकं गरगरलं, मी भिंतीला धरून बसले. दुसऱ्या दिवशी डोकं गरगरलं नाही, बरं वाटलं. त्यात चव वगैरे काही नसते. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, हातानं चुरायची, डबीत भरायची. भाजताना अख्खी आळी खोकते आणि खोकता खोकता विचारते, "झाली का? माझ्यापुरती ठेवा चिमूटभर." सकाळी भांडी घासायच्या आधी आम्ही बाया ओट्यावर ओळीनं बसायचो. मी, माझी जाऊ शेवंता, शेजारणी. दिवसभरात बाईला नुसतं बसलेलं कुणी बघू शकत नाही. पण तोंडात बोट असेल तर कुणी उठवत नसे. दात घासतेय म्हणायचं, काम झालं.

आता लिहिताना कळतंय, की त्यांचं आणि माझं कारण एकच होतं. तेव्हा असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला हाकलून दिलं असतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं होतं, "घरात आणखी कुणाला तंबाखूचं व्यसन आहे?" मी म्हटलं, "छे, आमच्यात बायका नाही खात." मी खोटं बोलले नव्हते. मशेरी म्हणजे तंबाखू हे माझ्या मनातच नव्हतं. तंबाखू पुरुष खातात, चुना लावून, हातावर मळून. मशेरी म्हणजे दात घासणं. चौथीपर्यंत शिकलेय, तरी स्वतःच्या हातानं तंबाखू भाजायची आणि तंबाखू नाही म्हणायचं, हे पन्नास वर्षं मला खरं वाटलं. आमच्या ओट्यावरच्या सगळ्या बायांना खरं वाटत होतं.

तर त्या सकाळी मी थुंकून आले. चूळ भरली. दाराशी येऊन पदरानं बोट पुसलं. मालकच म्हणाले, "तू सोड. मी सोडतो. तू न्हाई सोडलीस तर मला सांगू नको."

"माझा पाय न्हाई कापायला निघालेत," मी म्हटलं.

"म्हणूनच तुला सोपं जाईल," ते म्हणाले.

सून रूपाली दारात उभी राहून ऐकत होती. ती इथल्याच एका आयटी कंपनीत ऑफिसात बसते, सरळ वागते, माझ्याशी फार बोलत नाही. तिनं पुढं होऊन मालकांच्या हातातली बिडी विझवून घेतली, माझ्या कनवटीची डबी मागितली, दोन्ही एका पिशवीत घातलं आणि कचऱ्याच्या गाडीत टाकून आली. मग म्हणाली, "रोज संध्याकाळी मी आल्यावर दोघांनी माझ्यापुढं बसायचं. मामांनी खिसा दाखवायचा, आईंनी बोट."

सासूचं बोट सून तपासते, असेही दिवस मी बघितले.

पहिला आठवडा वैऱ्यावरही येऊ नये. डोकं दुखे. हिरड्या शिवशिवत. हातातून भांडी पडत. आणि पोट साफ होईना. मशेरी लावल्याशिवाय ज्या बाईचं पोट पन्नास वर्षांत साफ झालं नाही, तिनं काय करायचं हे कुठल्या पोस्टरवर लिहिलेलं नसतं. मालकांची वेगळी तऱ्हा. खोकून खोकून काळा बेडका पडायचा, आणि मग रागानं बघायचे, जणू मीच आत काजळी भरली होती. आम्ही एकमेकांशी धड बोलत नव्हतो. भाजीत मीठ कमी का, पंखा कुणी लावला, दार कुणी आपटलं, एवढंच. मुलगा सेकंड शिफ्ट मागून घेऊ लागला. म्हणाला, "घरी थांबण्यापेक्षा कंपनी बरी."

पण माणसं मदतीला आली. न बोलावता आली असं म्हणवत नाही, काहींना मी दम देऊन आणलं. चौकात बबनची टपरी आहे. मी तिथं गेले आणि सांगितलं, "बबन, ह्यांना बिडी दिलीस तर मी रोज इथं येऊन बसेन आणि तुझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याच्या आईचं नाव विचारेन."

बबन हसला. "न्हाई देत, मावशी. पण मग तुमच्या भाजायच्या तंबाखूचं काय? ती बी माझ्याकडूनच नेता की."

"ती बी देऊ नको."

"मागायला आलात तर?"

"तर माझ्या आईचं नाव विचार."

पुढच्या दोन टपऱ्यांना बबननंच निरोप दिला. आठ दिवसांत असं झालं, की मालक काठी टेकत रस्त्यानं निघाले की टपरीवाले आपणहून हात हलवून सांगायचे, "दादा, न्हाई मिळायची हं." रिक्षावाले हसायचे. एका पोलिसानं विचारलं म्हणे, ह्या म्हाताऱ्यानं केलंय काय?

ज्ञानोबा म्हणून मालकांचा फाउंड्रीतला जोडीदार आहे. रोज संध्याकाळी यायचा आणि दोघं ओट्यावर बसून एका काडीवर दोन बिड्या पेटवायचे. मला वाटलं, आता हा यायचा बंद होईल, नाही तर हाच घात करील. तो आला, पण बिडीचं बंडल घरी ठेवून आला, आणि काखेत हरभऱ्याची हिरवी जुडी घेऊन आला. म्हणाला, "वहिनी, बिडी तोंडाला नसतीच लागत. हाताला लागती. ह्याच्या हाताला काम द्या." दोघं तासभर घाटे सोलत बसले. दुसऱ्या दिवशी मटार, मग वालपापडी, मग शेजारणी आपापलं निवडायचं आणून ठेवू लागल्या. त्या थंडीत आमच्या आळीत कुणाही बाईला शेंगा सोलाव्या लागल्या नाहीत. ज्ञानोबा घरी गेल्यावर ओढत होता, आजही ओढतो. पण आमच्या ओट्यावर त्यानं पुन्हा काडी पेटवली नाही. मैत्री म्हणजे काय ते मला सांगता यायचं नाही, मी हे सांगते.

शेवंता मात्र बदलली नाही. भिंतीपलीकडे राहते. आम्ही सोडल्याच्या बाविसाव्या दिवशी तिनं मशेरी भाजायला घेतली.

तो वास मी काय सांगू. तव्यावर पान पडलं की आधी हिरवट, मग कडवट, मग जळका. मी भाकरी थापत होते. हात तसेच पिठाचे ठेवून उठले, पलीकडे गेले. शेवंता म्हणाली, "ये बया, बस. एवढ्यानं काय होतंय?" मी बसले. गरम मशेरी होती, बोटाला चटका बसला. पन्नास वर्षांत इतकं सुख मला दुसऱ्या कशानं झालेलं नाही, हे मी उघड लिहिते. पाच मिनिटं मी होते आणि नव्हते.

मग घरी येऊन साबणानं बोट घासलं, लिंबू चोळलं. संध्याकाळी रूपालीपुढं बोट धरलं. तिनं बघितलं आणि म्हणाली, "छान, आई." मी पास झाले.

तिनं पकडलं असतं तर बरं झालं असतं. मी भांडले असते, शेवंताला शिव्या दिल्या असत्या, रात गई बात गई. पण ती "छान" म्हणाली आणि मी हातातली भाकरी खाली ठेवली. समोर मालक बसले होते, पाय पाटावर ठेवून. जखम अजून ओली होती. बोली अशी होती की मी सोडली तर ते सोडणार. आता मी मोडली, म्हणजे ते मोकळे, आणि ते मोकळे म्हणजे डॉक्टरीणबाईंनी गुडघ्यावर हाताची कड ठेवली होती ती जागा. न सांगितलं तर कुणाला कळणार नव्हतं. पण खोट्यावर पाय भरतो का, हे मला माहीत नव्हतं. मी सांगून टाकलं.

मालकांनी पाय पाटावरून खाली घेतला. मग म्हणाले, "म्हंजी मी आज मोकळा?"

"व्हय," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ते उठले. काठी घेतली, चप्पल नीट घालता येत नव्हती तरी घातली आणि चौकाच्या दिशेनं निघाले. रूपाली उठू लागली तर मी तिला खाली बसवलं. सात वाजले असतील. रस्त्यावर कंपन्यांच्या गाड्या, धूळ, दिवे. मालक एका बाजूला कलून चाललेले मला बबनच्या टपरीपर्यंत दिसले. तिथं ते थांबले. मधे एक टेम्पो आला आणि मग काही दिसेना. मी देवाला नवस केला नाही. मला राग आला होता, त्याच्यावरच नाही, सगळ्यांवर. स्वतःवर तर इतका, की बोट चुलीत घालावंसं वाटलं. पण घरात गॅस आहे.

वीस मिनिटांनी ते परत आले. पायऱ्या चढायला वेळ लागला. माझ्यापुढं एक पुडकं टाकलं. आत दात घासायचा ब्रश आणि पेस्ट.

"उद्यापास्नं ह्यानं घास," ते म्हणाले. "तू पडलीस म्हणून मी कशाला पडू? तू ऊठ."

आमच्यात असलं बोलायची पद्धत नाही. मी म्हटलं, "भाकरी गार झाली," आणि ते जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी मी बबनला विचारलं, ह्यांनी बिडी मागितली का? बबन म्हणाला, "मावशी, दादा पाच मिनिटं टपरीम्होरं नुसते हुभे राहिले. मी देणार नव्हतोच. पण मागितलीच न्हाई त्यांनी. इचारलं, ब्रश हाय का, मऊ दे, म्हातारीच्या हिरड्या नाजूक हायत."

मी बबनला सांगितलं, हे शेवटचं वाक्य परत कुणाला सांगायचं नाही.

त्यानंतर मी मशेरीला हात लावला नाही. शेवंता भाजायला लागली की मी खिडकी लावून घ्यायची, आणि मालक मुद्दाम मोठ्यानं खोकायचे, तिला ऐकू जावं म्हणून.

मग भोगी आली. संक्रांतीच्या आदल्या दिवसाची भाजी दर वर्षीच करते. वांगी, गाजर, पावटा, हरभरा, बोरं, वर तिळाचं कूट, सोबत बाजरीची तीळ लावलेली भाकरी. मी पहिला घास घेतला आणि थांबले. पावटा वेगळा लागत होता, गाजर वेगळं, बोर वेगळं. इतकी वर्षं मी सगळं एकत्र कालवून एकच चव खात होते. मला वाटायचं तीच भोगीची चव. मालकांनी तिसरी भाकरी मागितली आणि म्हणाले, "आज काय घातलंस हिच्यात?" मी म्हटलं, "नेहमीचंच. तुमचं तोंड तेवढं नवीन आहे."

हळदीकुंकवाला वाण काय लुटायचं हा आमच्याकडं दर वर्षीचा वाद. कुणी स्टीलच्या वाट्या देतं, कुणी प्लास्टिकचे डबे. रूपालीनं विचारलं, "आई, यंदा काय आणू?" मी सांगितलं, "ब्रश."

"कसले?"

"दात घासायचे. मऊ आण."

ती हसेल असं वाटलं होतं. ती नाही हसली. सगळ्या बायांचे आणले. मी साडी नेसून, पाट मांडून, हळदीकुंकू लावून प्रत्येकीच्या ओटीत तिळगूळ आणि एक ब्रश टाकला. आधी कुजबुज झाली, मग एकीनं तोंडाला पदर लावला आणि मग सगळीकडं हसू फुटलं. "अगं बया, वाणात बरश!" "आमच्या सासूला दिला तर ती त्यानं देव घाशील!" शेवंता पदर सावरून म्हणाली, "मला कशाला? माझे तीनच दात राहिलेत."

"त्या तिघांसाठी," मी म्हटलं.

पण मग मी त्यांना बसवलं आणि सांगितलं. दवाखान्यात मला काय विचारलं, मी काय बोलले, मोरीत मला काय ऐकावं लागलं, बाविसाव्या दिवशी मी कुठं जाऊन बसले. शेवंतासमोर सांगितलं. कुणी हसलं नाही. पलीकडच्या चाळीतली एक लातूरकडची बाई, भाड्यानं राहणारी, ती म्हणाली, "मावशी, म्हंजे मशेरी बी तंबाखूच की हो." जसं काही तिलाही ते आत्ताच दिसलं. मी म्हटलं, "व्हय बाई. आपणच भाजतो आणि आपल्यालाच ठाऊक नसतं."

सगळ्यांनी सोडली असं काही झालं नाही. दोघींनी सोडली. शेवंतानं ब्रश खिडकीत ठेवलाय, त्यानं ती शिवणयंत्र साफ करते. पण ओट्यावर येऊन बसायचं कुणी बंद केलं नाही. आता आम्ही सकाळी तशाच बसतो, तोंडात बोट न घालता. एखादा विचारतो, "काय रिकाम्या बसलाय?" मी सांगते, "बसलोय. तुझं काय जातंय?" हे वाक्य मला पन्नास वर्षांपूर्वी बोलता आलं असतं तर मशेरी लागलीच नसती.

रथसप्तमीच्या आधी आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी बँडेज सोडलं, पाय हातात घेतला, दाबला, टाचेजवळ बोटं ठेवून बराच वेळ नाडी बघितली. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. त्या म्हणाल्या, "भरलंय. पाय गरम आहे, आजोबा. हा पाय आता तुमचाच राहील." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तुम्ही लक्ष ठेवलंत वाटतं."

मी म्हटलं, "नाही बाई. ह्यांनी माझ्यावर ठेवलं." आणि तिथंच, त्यांच्या पुढ्यात, 'आमच्यात बायका नाही खात' हे आधी दिलेलं उत्तर दुरुस्त करून दिलं. बाईंनी माझंही तोंड उघडून बघितलं, गालाच्या आत बॅटरी मारली आणि म्हणाल्या, वेळेवर सोडलीत.

बाहेर आल्यावर रिक्षा करायची म्हटलं तर मालक म्हणाले, चालत जाऊ. स्टँडपर्यंत चालत गेलो. उन्हं कोवळी होती. ते पुढं, मी मागं, पहिल्यापासूनची आमची चालायची रीत. मधेच त्यांनी थांबून मागं बघितलं, मी येतेय का. मी म्हटलं, "चला की. पाय कुणाचा कापलाय?"

त्या गोष्टीला चार वर्षं झाली. या थंडीत मालक चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, मी सत्तर. त्यांच्या पायाला चार बोटं आहेत. दोघंही जिवंत आहोत.